क्वांटममध्ये पीएचडी करायची, पण कुठल्या टेबलावर?

प्रश्न कोल्हापूरहून आला आहे. विचारणारी शिवाजी विद्यापीठात एम.एस्सी. फिजिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्ट पातळ थरांवर, म्हणजे थिन फिल्म्सवर चालू आहे. क्वांटम तंत्रज्ञानात पीएचडी करायची इच्छा आहे, दोन-तीन ऑनलाइन कोर्स करून सर्टिफिकेटं मिळवली आहेत, नेट एकदा थोडक्यात हुकली. थेअरी घ्यावी की एक्सपेरिमेंट, भारतात करावी की बाहेर, राज्य विद्यापीठातल्या मुलीला कोणी घेईल का, आणि घरच्यांना किती वर्षं सांगायची, असे तिचे चार प्रश्न आहेत.

मी गेली वीसेक वर्षं अतिवाहक, म्हणजे विजेला अजिबात रोध न करणाऱ्या, सर्किटांवर, निरपेक्ष शून्याच्या अगदी जवळच्या तापमानात मोजमापं करते आणि दरवर्षी पीएचडी प्रवेशाच्या मुलाखतींना बसते. तुझा तिसरा प्रश्न मी आधी घेते, कारण तो विचारताना तू थोडी दबकली आहेस असं मला वाटलं, आणि दबकण्याचं काहीच कारण नाही.

थिन फिल्मचं काम म्हणजे क्वांटमपासून लांब राहिलेलं काहीतरी, असं तू गृहीत धरलं आहेस. क्यूबिट म्हणजे क्वांटम संगणकातला माहितीचा सर्वांत छोटा घटक. अतिवाहक क्यूबिट प्रत्यक्षात काय असतो ते बघ. नीलम किंवा सिलिकॉनच्या चकतीवर धातूचा पातळ थर, अ‍ॅल्युमिनियमचा, नायोबियमचा किंवा टँटलमचा. त्यावर कोरलेलं सर्किट. आणि मध्ये एक जोसेफसन जंक्शन: अ‍ॅल्युमिनियमच्या दोन थरांमध्ये जेमतेम एक-दोन नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइड. बस. गणित कितीही सुंदर असलं तरी हा क्यूबिट आपली अवस्था किती वेळ टिकवून धरतो हे बऱ्याच अंशी थराच्या पृष्ठभागावर बसलेला ऑक्साइड, थर आणि चकती यांच्यामधली घाण, आणि तिथे लपलेले दोष ठरवतात. २०२१ मध्ये प्रिन्स्टनच्या गटाने नायोबियमऐवजी टँटलम वापरलं आणि क्यूबिटचं आयुष्य ०.३ मिलिसेकंदाच्या पुढे नेलं. सर्किटचा आराखडा तोच राहिला, बदललं ते मटेरियल. आता टँटलम दोन रूपांत बसतो, अल्फा आणि बीटा. अल्फा साधारण ४ केल्व्हिनच्या आसपास अतिवाहक होतो, बीटाला १ केल्व्हिनच्याही खाली जावं लागतं. तुझ्या चकतीवर यातला कुठला बसला आहे हे सगळ्यात आधी कशावरून कळतं? एक्सआरडीच्या, म्हणजे क्ष-किरण विवर्तनाच्या, शिखरांवरून. ते तू रोज करतेस. कोल्हापूरच्या विभागात थिन फिल्मची जुनी परंपरा आहे. तिथून येणाऱ्या मुलीने मुलाखतीत 'माझा विषय वेगळा आहे, पण मला क्वांटम शिकायचंय' असं म्हणू नये. 'थर कसा बसतो आणि कसा बिघडतो हे मी पाहिलं आहे' असं म्हणावं.

यातूनच पहिल्या प्रश्नाचं उत्तर सुरू होतं. क्वांटम तंत्रज्ञान नावाचा एकच विषय नाही. बाहेरून एकच पाटी दिसते, आत गेल्यावर निरनिराळी टेबलं आहेत आणि प्रत्येक टेबलावरचा दिवस वेगळा असतो. पाच-सहा वर्षं तुला त्या दिवसात राहायचं आहे. म्हणून विषयाच्या नावापेक्षा दिवस निवड.

माझ्या टेबलावरचा दिवस सांगते. अतिवाहक क्यूबिट साधारण ५ गिगाहर्ट्झला चालतो. त्या वारंवारतेच्या एका क्वांटमची ऊर्जा तापमानात मांडली तर पाव केल्व्हिनच्याही किंचित खाली येते. म्हणजे द्रव हेलियमचं ४ केल्व्हिनही इथे उकळत्या तेलासारखं आहे. आजूबाजूच्या उष्णतेनेच क्यूबिट उत्तेजित होऊन बसेल. म्हणून डायल्युशन रेफ्रिजरेटर लागतो, जो हेलियम-३ आणि हेलियम-४ यांच्या मिश्रणावर चालतो आणि १०-२० मिलिकेल्व्हिनपर्यंत नेतो. नमुना आत बसवायचा, वायरबाँडिंग करायचं, केबल्स घट्ट करायच्या, फ्रिज बंद करायचा आणि थंड व्हायला दोन-तीन दिवस थांबायचं. थंड झाल्यावर कळतं की एक कनेक्टर सुटला आहे. पुन्हा गरम, पुन्हा उघड. यातला बराचसा वेळ मायक्रोवेव्ह इलेक्ट्रॉनिक्स, फिल्टर, पंप, पायथॉनमधले मोजमापाचे प्रोग्रॅम यांत जातो. २०२५ चं भौतिकशास्त्राचं नोबेल ज्या कामाला मिळालं ते १९८४-८५ मध्ये बर्कलीत झालं. जॉन क्लार्क गाईड होते, मिशेल देव्होरे पोस्टडॉक आणि जॉन मार्टिनिस पीएचडीचे विद्यार्थी. सर्किटमधली क्वांटम वर्तणूक दाखवायची तर बाहेरून येणारा मायक्रोवेव्हचा गोंधळ आधी बाहेरच अडवायला हवा होता, आणि त्यासाठी त्यांनी चक्क तांब्याच्या भुकटीचे फिल्टर वापरले. ही गोष्ट मी माझ्या प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला सांगते, कारण पहिल्या वर्षी त्यांना वाटत असतं की आपण 'खरं' काम सोडून फिल्टरच बनवत बसलो आहोत.

दुसरं टेबल प्रकाशाचं. जड ऑप्टिकल टेबल, त्यावर शेकडो आरसे आणि भिंगं, आणि अंधार. इथे थंड केलेले अणू असतात (रुबिडियम असेल तर ७८० नॅनोमीटरचा लेझर), सापळ्यात धरलेले आयन असतात, एकेक फोटॉन मोजणारे डिटेक्टर असतात, किंवा हिऱ्यातले एनव्ही दोष (नायट्रोजनचा अणू आणि शेजारची रिकामी जागा) असतात, ज्यांच्यावर हिरवा लेझर टाकला की लाल प्रकाश येतो आणि २.८७ गिगाहर्ट्झच्या आसपासचे मायक्रोवेव्ह दिले की तो मंदावतो. त्या घटीवरून चुंबकीय क्षेत्र मोजता येतं, तेही खोलीच्या तापमानाला. आपल्याकडे मला सर्वांत कमी लेखलेला भाग वाटतो तो हाच, सेन्सिंगचा. क्वांटम संगणक कधी उपयोगी पडेल यावर वाद घालता येतात. सेन्सर आजही मोजतो. तुझ्या एम.एस्सी.च्या प्रयोगशाळेत डीपीपीएच हे संयुग घेऊन ईएसआरचा (इलेक्ट्रॉन स्पिन अनुनादाचा) प्रयोग असेल, तो या सगळ्याचा सख्खा भाऊ आहे. तो नीट समजून कर. नुसता ग्राफ काढून जर्नल सही करून घेऊ नकोस.

तिसरं टेबल कागदाचं. भारतात या टेबलाचं घराणं जुनं आणि मोठं आहे. क्वांटम अवस्थेकडे सतत पाहत राहिलं तर तिचं बदलणं थांबतं, हा झेनो परिणाम १९७७ मध्ये बैद्यनाथ मिश्रा आणि ई. सी. जी. सुदर्शन यांनी मांडला. चेन्नईच्या इन्स्टिट्यूट ऑफ मॅथेमॅटिकल सायन्सेसमधल्या (आयएमएससी) आर. सायमन यांच्या नावाचा एन्टँगलमेंट, म्हणजे क्वांटम प्रणालींची एकमेकींतली गुंफण, ओळखण्याचा निकष २००० साली आला आणि आज जगभर वापरला जातो. प्रयागराजच्या हरिश्चंद्र संशोधन संस्थेतला क्वांटम इन्फर्मेशनचा गट देशातल्या मोठ्या गटांपैकी एक आहे. तिथल्या अदिती सेन दे यांना २०१८ मध्ये भटनागर पुरस्कार मिळाला, भौतिक विज्ञानात तो मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. कोलकात्याचं एस. एन. बोस केंद्र, तिथलीच भारतीय सांख्यिकी संस्था, मोहालीची आयसर हीही याच वाटेवरची ठिकाणं. थेअरीत यंत्राची वाट बघावी लागत नाही, हा फार मोठा फायदा. पण स्पर्धा जगाशी आहे आणि ती थेट आहे. तू सोमवारी सुटलेलं समजतेस तो प्रश्न दुसऱ्याने शुक्रवारीच आर्काइव्हवर, म्हणजे छापून येण्याआधी पेपर ठेवायच्या संकेतस्थळावर, टाकलेला असतो. रेषीय बीजगणित हाताला लागलेलं असेल, आणि एकटीने तीन-तीन आठवडे एका असमानतेवर बसायची आवड असेल, तरच हे टेबल घे. 'प्रयोगाला संधी नाही म्हणून थेअरी' असं कारण असेल तर नको.

आणखी एक टेबल आहे ज्याबद्दल तू विचारलं नाहीस, पण तुझ्या इलेक्ट्रॉनिक्स आणि कॉम्प्युटरच्या मैत्रिणींना सांग. डिसेंबर २०२४ मध्ये गूगलने १०५ क्यूबिटच्या चिपवर दाखवलं की चूक-दुरुस्तीसाठी क्यूबिट वाढवत गेलं की चुका खरोखर कमी होत जातात. याचा अर्थ आता चुका ओळखणारा हिशेब मायक्रोसेकंदांच्या हिशेबात करणारं हार्डवेअर लागणार. ते एफपीजीए (आतलं सर्किट हवं तसं प्रोग्रॅम करता येणारी चिप) लिहिणाऱ्यांचं काम आहे, आणि भौतिकशास्त्राची मुलं त्यात कच्ची असतात. तसंच, क्वांटम संगणकासमोर टिकेल असं कूटलेखन हा शुद्ध गणित आणि संगणकशास्त्राचा विषय आहे. अमेरिकेच्या निस्ट या मानकसंस्थेने त्याची पहिली मानकं ऑगस्ट २०२४ मध्ये जाहीर केली. नावात क्वांटम असलं तरी त्यात श्रोडिंगरचं समीकरण कुठेच येत नाही.

तुझं उत्तर माझ्या मते स्पष्ट आहे: एक्सपेरिमेंट, आणि त्यातही मटेरियल आणि फॅब्रिकेशनच्या बाजूने शिरणारं.

आता ठिकाणं. केंद्र सरकारने १९ एप्रिल २०२३ रोजी राष्ट्रीय क्वांटम मिशन मंजूर केलं, ६,००३.६५ कोटी रुपयांचं, २०२३-२४ ते २०३०-३१ या काळासाठी. त्याखाली चार केंद्रं ठरली: संगणनासाठी बंगळुरूची आयआयएससी, संदेशवहनासाठी सी-डॉट या सरकारी दूरसंचार संशोधन संस्थेच्या साथीने आयआयटी मद्रास, सेन्सिंग आणि मापनासाठी आयआयटी मुंबई, मटेरियल आणि उपकरणांसाठी आयआयटी दिल्ली. चौथं नाव पुन्हा वाच, ते तुझ्यासाठी आहे. पण एवढ्यावर थांबू नकोस, कारण प्रत्येक केंद्राच्या मागे इतर संस्थांमधले गट जोडलेले आहेत आणि विद्यार्थी त्या गटांनाही हवे असतात.

आपल्या राज्यात या विषयाचं बरंच काही जवळच आहे, हे कोल्हापूर-सांगलीच्या मुलांना फारसं माहीत नसतं. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत (टीआयएफआर) आर. विजयराघवन यांच्या प्रयोगशाळेत अतिवाहक क्यूबिटवर अनेक वर्षं काम चालू आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये त्यांनी आणि डीआरडीओच्या पुण्यातल्या तरुण शास्त्रज्ञांच्या क्वांटम प्रयोगशाळेने मिळून ६ क्यूबिटच्या प्रोसेसरची चाचणी पूर्ण केली, टीसीएसही त्यात होती. पुण्यात पाषाणला आयसरमध्ये टी. एस. महेश यांचा गट एनएमआरवर (अणुकेंद्रांच्या चुंबकीय अनुनादावर) क्वांटम प्रयोग करतो, तिथेच अतिशीत अणूंची प्रयोगशाळा आहे आणि क्वांटम तंत्रज्ञानाचं आय-हबही. पवईला आयआयटी मुंबईत हिऱ्यातल्या दोषांवर काम होतं. गोव्यात बिट्सच्या कॅम्पसवर क्वांटम इन्फर्मेशनची थेअरी शिकवणारी आणि करणारी मंडळी आहेत. प्रकाश आणि फोटॉन हवे असतील तर अहमदाबादची भौतिक संशोधन प्रयोगशाळा (पीआरएल), बंगळुरूची रामन संशोधन संस्था (उर्बसी सिन्हा यांनी तिथे उभी केलेली प्रयोगशाळा) ही नावं आधी वाच. २०२२ मध्ये पीआरएल आणि इस्रोच्या अहमदाबाद केंद्राने ३०० मीटर मोकळ्या हवेतून क्वांटम किल्ली, म्हणजे गुप्त संदेश उलगडायची किल्ली, पाठवून दाखवली होती.

यादी वाचून अर्ज टाकत सुटू नकोस. मी आता सांगते तो प्रश्न आधी विचार, आणि तो कोणी विचारत नाही: यंत्र आलं आहे, की ऑर्डर दिली आहे?

आपल्याकडे गेल्या काही वर्षांत नव्या प्राध्यापकांनी नव्या प्रयोगशाळा उघडल्या, ही चांगली गोष्ट आहे. पण डायल्युशन फ्रिज फिनलंड किंवा इंग्लंडहून येतो. निविदा, मंजुरी, ऑर्डर, जहाज, कस्टम्स, मग खोलीतलं थंड पाणी आणि वीज, हे सगळं जमेपर्यंत वर्ष-दोन वर्षं सहज जातात. तू जुलैमध्ये रुजू झालीस आणि यंत्र पुढच्या वर्षीच्या दिवाळीला आलं, तर पहिला डेटा तिसऱ्या वर्षी दिसेल. म्हणून नव्या लॅबला नाही म्हणू नये. रिकाम्या खोलीत पहिला पंप बसवणारा विद्यार्थी जे शिकतो ते चालू लॅबमध्ये येणाऱ्याला कधीच शिकायला मिळत नाही, आणि पुढे परदेशातल्या गटांना अशीच माणसं हवी असतात. पण हे माहीत असून निवडायचं. यंत्र येईपर्यंत दुसऱ्या गटाच्या फ्रिजवर मोजता येईल का, फॅब्रिकेशनसाठी कुठल्या क्लीनरूममध्ये वेळ मिळेल, हे गाईडला सरळ विचार. चांगला गाईड या प्रश्नाने चिडत नाही, उलट कागद काढून वेळापत्रक दाखवतो.

माझ्या स्वतःच्या पीएचडीच्या चौथ्या वर्षी फ्रिजचा सापळा (मिश्रणातली घाण गोठवून अडवणारा भाग) वारंवार तुंबायला लागला. मिश्रणात कुठूनतरी हवा शिरत होती. गळती शोधण्यात तीन महिने गेले. हेलियमची फवारणी करत प्रत्येक जोड तपासला, रात्री तपासला, वही भरली. शेवटी एका फ्लँजच्या ओ-रिंगवर डोक्याचा एक केस सापडला. त्या तीन महिन्यांत एकही ग्राफ निघाला नाही आणि मी दोनदा घरी फोन करून सोडून येते म्हणाले. माझ्या गाईडनी त्या काळात एकदाही 'पेपरचं काय झालं' असं विचारलं नाही. ते रोज संध्याकाळी येऊन माझ्याबरोबर पुढचा जोड तपासायचे. गाईड निवडताना हे कसं ओळखायचं? त्यांच्याकडच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला एकटं गाठून विचार: काहीच चालत नसतं तेव्हा सर किंवा मॅडम काय करतात? उत्तर द्यायच्या आधी तो किती वेळ गप्प राहतो तेही लक्षात घे. शिवाय गटाचे गेल्या तीन वर्षांतले पेपर आर्काइव्हवर काढून बघ: पहिलं नाव विद्यार्थ्याचं आहे का, विद्यार्थी किती वर्षांत बाहेर पडले, आणि पुढे कुठे गेले.

सर्टिफिकेटांबद्दल. ती वाईट नाहीत, पण समोर बसलेल्या चाळीस मुलांपैकी पस्तिसांकडे असतात, त्यामुळे आम्हाला त्यातून काही कळत नाही. मुलाखतीत मी काय विचारते ते सांगते. इंडक्टर आणि कपॅसिटरचं साधं एलसी सर्किट घे, ते क्वांटम हार्मोनिक ऑसिलेटर आहे. मग त्यालाच क्यूबिट म्हणून का वापरत नाहीत? बहुतेक मुलं इथे टेलिपोर्टेशनकडे वळू बघतात. उत्तर एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाचं आहे. ऑसिलेटरच्या पायऱ्या सारख्या अंतरावर असतात. खालच्या दोन पायऱ्यांसाठी दिलेला पल्स तिसऱ्या-चौथ्या पायरीवरही तसाच लागू पडतो, मग फक्त दोन पायऱ्यांत राहायचं कसं? जोसेफसन जंक्शन हा असा इंडक्टर आहे की त्याच्यामुळे पायऱ्यांमधली अंतरं वेगळी होतात, आणि खालच्या दोन स्वतंत्रपणे हाताळता येतात. हे कोणी चित्र काढत, अडखळत, मराठी-इंग्रजी मिसळून सांगितलं तरी मला पुरतं. यापुढे दोन पातळ्यांची प्रणाली, चुंबकीय क्षेत्रातला स्पिन, राबी दोलन (बाहेरून ड्राइव्ह दिल्यावर दोन पातळ्यांमध्ये होणारी ये-जा), डेन्सिटी मॅट्रिक्स आणि तिचा पार्शियल ट्रेस, एवढं पक्कं असेल तर क्वांटमच्या कुठल्याही पॅनेलसमोर तू बसू शकतेस.

काही वर्षांपूर्वी तालुक्याच्या कॉलेजातून एक मुलगा आला होता. एन्टँगलमेंटची व्याख्याही त्याला धड देता आली नाही. पण एम.एस्सी.च्या प्रोजेक्टमध्ये अ‍ॅम्प्लिफायरमध्ये ५० हर्ट्झचा गुणगुणाट कसा शिरत होता आणि अर्थिंगची एक वाट तोडून तो कसा घालवला, हे त्याने फळ्यावर इतकं नीट सांगितलं की पॅनेलवरच्या तिघांनीही पुढचे प्रश्न बाजूला ठेवले. आम्ही त्याला घेतलं. आज त्याने केलेल्या रीडआउटवर, म्हणजे क्यूबिटची अवस्था वाचणाऱ्या यंत्रणेवर, आमच्या लॅबची सगळी मोजमापं चालतात.

तेव्हा येत्या चार महिन्यांत आणखी एक कोर्स करण्याऐवजी एक गोष्ट स्वतः पूर्ण कर. क्यूटिप ही पायथॉनची लायब्ररी फुकट मिळते. तिच्यात एक क्यूबिट घे, ड्राइव्ह दे, राबी दोलन काढ, मग त्यात क्षय घाल आणि दोलन कसं विरतं ते बघ. क्षयाचा दर बदलून ग्राफ कसा बदलला पाहिजे ते आधी कागदावर लिही, मग संगणकावर तपास. किंवा तुझ्याच फिल्मच्या रोधाचं तापमानाबरोबरचं मोजमाप द्रव नायट्रोजनपर्यंत नेऊन त्रुटींसकट मांड. हे दोन पानांत लिहून ठेव. प्राध्यापकांना मेल लिहिताना तीच दोन पानं जोड. मेल मात्र छोटा हवा: तुमच्या अमुक पेपरमधल्या तमुक आकृतीबद्दल मला हा प्रश्न पडला, मी हे करते, तुमच्याकडे जागा आहे का? 'आदरणीय महोदय, मला क्वांटमची लहानपणापासून आवड आहे' असे मेल आम्हाला आठवड्याला डझनभर येतात, आणि त्यांना उत्तर द्यायला वेळ राहत नाही याचं मलाही वाईट वाटतं.

इंग्रजीची भीती तू लिहिली नाहीस, पण तुझ्या बऱ्याच मैत्रिणींना असते म्हणून सांगते. रोज सकाळी आर्काइव्हवरचा एक गोषवारा वाच आणि त्यांनी काय मोजलं ते मराठीत तीन ओळींत लिही. लिहिता आलं नाही तर समजलेलं नाही. सहा महिन्यांत फरक पडतो. पेपर इंग्रजीत लिहायला पुढे दोन-तीन वर्षं मिळतात, ते तिथे शिकता येतं.

नेट हुकली म्हणून दार बंद झालेलं नाही. डिसेंबरमध्ये टीआयएफआरची प्रवेश परीक्षा असते, फेब्रुवारीत गेट, आणि त्याच सुमारास जेस्ट ही अनेक संशोधन संस्थांची सामाईक परीक्षा. जेस्टच्या गुणांवर आयएमएससी, हरिश्चंद्र, पीआरएल, आयसर अशा बऱ्याच संस्था मुलाखतीला बोलावतात. नेटची परीक्षाही वर्षातून दोनदा आहे, आणि २०२४ पासून जेआरएफ (संशोधन फेलोशिप) न मिळालेल्यांसाठी 'फक्त पीएचडी प्रवेश' अशी पात्रताही तिच्यात मिळते. चारही परीक्षांचा अभ्यासक्रम बराचसा एकच आहे. एकच परीक्षा डोक्यात धरून बसू नकोस, हंगामभर सगळ्या दे.

यातलं काहीच जमलं नाही तर क्वांटम प्रकल्पांवर प्रोजेक्ट असोसिएटची किंवा प्रकल्पातल्या जेआरएफची जागा बघ. मिशनमुळे या जागा वाढल्या आहेत. एक वर्ष लॅबमध्ये राहिलीस की तुला काम कळतं, लॅबला तू कळतेस. माझे दोन चांगले विद्यार्थी असेच आले. पण रुजू होण्याआधी लेखी विचार: या जागेवरून पीएचडीला नोंदणी होते का, कुठल्या विद्यापीठात, आणि वेगळी परीक्षा द्यावी लागते का? 'बघू, होऊन जाईल' या शब्दावर दोन वर्षं घालवलेली मुलं मी पाहिली आहेत. पदवी कोण देतं हेही संस्थेगणिक वेगळं असतं. आयएमएससी आणि हरिश्चंद्रमध्ये काम करणाऱ्याला पदवी होमी भाभा राष्ट्रीय संस्था देते, टीआयएफआर स्वतःची देते.

परदेशाबद्दल थोडक्यात, कारण यावर लोक भरपूर बोलतात आणि तुझ्या कामाच्या दोन-तीनच गोष्टी आहेत. अमेरिकेत अर्ज डिसेंबरच्या सुरुवातीला भरतात, वर्षं पाच-सहा लागतात, पैसा विभाग देतो; मात्र २०२५ मध्ये निधीच्या अनिश्चिततेमुळे काही विद्यापीठांनी जागा कमी केल्या, तेव्हा सगळी अंडी त्या टोपलीत नकोत. युरोप तुला जास्त सोयीचा आहे. तुझं दोन वर्षांचं एम.एस्सी. झालेलं असेल, आणि जर्मनी, नेदरलँड्समध्ये मास्टर्सनंतरच पीएचडी सुरू होते. नेदरलँड्समध्ये ती चार वर्षांची नोकरीच असते, पगार आणि करारासकट. डेल्फ्टचं क्यूटेक हे क्वांटम संशोधन केंद्र त्यासाठी पाहा. जागा वर्षभर जाहीर होत राहतात, म्हणून महिन्यातून दोनदा संकेतस्थळं बघायची सवय लाव. युरोपीय महासंघाच्या मेरी स्क्लोदोव्स्का-क्युरी डॉक्टरल नेटवर्कमध्ये तर तू परदेशी असणं ही अडचण नाही, फायदा आहे: ज्या देशात जागा आहे तिथे तू गेल्या ३६ महिन्यांत १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेली नसावीस, हीच अट. कोल्हापूरची मुलगी ती आपोआप पूर्ण करते. सिंगापूरचं सीक्यूटी, कॅनडात वॉटरलूचं आयक्यूसी, ऑस्ट्रियात आयनांसाठी इन्सब्रुक, बार्सिलोनाजवळचं आयसीएफओ या संशोधन केंद्रांची नावं लिहून ठेव. इंग्लंडमध्ये शिक्षण उत्तम, पण परदेशी विद्यार्थ्याची फी कोण भरणार हे पत्रात स्पष्ट लिहिलेलं असल्याशिवाय हो म्हणू नकोस. सगळीकडे दोन-तीन शिफारसपत्रं लागतात, आणि ज्यांनी तुला प्रत्यक्ष काम करताना पाहिलं आहे त्यांचं साधं पत्र विभागप्रमुखांच्या गोड पत्रापेक्षा जास्त वजनाचं असतं. म्हणूनच बाहेर जायचं असेल तरी आधी एक वर्ष इथल्या लॅबमध्ये काढ, असं मी म्हणते.

आता घरचा प्रश्न. भारतात प्रयोगाची पीएचडी साडेपाच ते सहा वर्षांची धर. याहून कमी सांगू नकोस, नंतर दर दिवाळीला तेच उत्तर द्यावं लागतं. फेलोशिप जानेवारी २०२३ पासून पहिली दोन वर्षं दरमहा ३७,००० रुपये आणि पुढे ४२,००० रुपये आहे, वर घरभाडं किंवा वसतिगृह. पंतप्रधान संशोधन फेलोशिप ७०,००० पासून सुरू होते, पण ती थोड्यांना मिळते. बार्टी, सारथी आणि महाज्योती या आपल्या राज्याच्या संस्थाही पीएचडीसाठी फेलोशिप देतात. तू ज्या गटात बसतेस त्याच्या जाहिराती आणि अटी त्या-त्या वर्षीच्या वाच. एक सावधगिरी: पैसे नेहमी महिन्याच्या एक तारखेला येतीलच असं नाही. माझ्या एका विद्यार्थिनीचे पाच महिन्यांचे पैसे एकदम आले होते, तोवर तिने मैत्रिणींकडून उसने घेतले. तेव्हा सुरुवातीला तीन-चार महिन्यांचा खर्च बाजूला ठेवता आला तर ठेव, आणि घरातून ईएमआयची अपेक्षा असेल तर ती आत्ताच बोलून घे.

पुढे काय? प्राध्यापकी, पोस्टडॉक, डीआरडीओ आणि इस्रोच्या प्रयोगशाळा, बंगळुरूच्या क्यूएनयू लॅब्ज आणि क्यूपीआयएआयसारख्या कंपन्या. क्यूपीआयएआयने एप्रिल २०२५ मध्ये २५ क्यूबिटचा अतिवाहक संगणक जाहीर केला. पाटीवर क्वांटम लिहिलेल्या नोकऱ्या अजून मोजक्याच आहेत, हे मी लपवणार नाही. पण थिन फिल्म, क्लीनरूम, व्हॅक्यूम, मायक्रोवेव्ह यांत सहा वर्षं हात चाललेल्या माणसाला सेमीकंडक्टर आणि उपकरणांच्या उद्योगात जागा मिळते. माझे पास झालेले निम्मे विद्यार्थी आज क्वांटममध्ये नाहीत, आणि त्यांतला एकही बेकार नाही. केवळ पगारासाठी जायचं असेल तर मात्र एम.एस्सी.नंतर थेट नोकरी बघ. सहा वर्षांचा हिशेब पैशांत कधीच बसत नाही आणि मग लॅबमधला प्रत्येक दिवस जड जातो.

आणि घरच्यांना हे सगळं तोंडी पटणार नाही. माझ्या वडिलांनाही पटलं नव्हतं. मी दिवसभर काय करते हे त्यांना माझ्या फोनवरच्या बोलण्यातून कळणं शक्यच नव्हतं. २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाच्या सुमारास, पुण्या-मुंबईतल्या अनेक संशोधन संस्था लोकांसाठी दारं उघडतात. आई-बाबांना घेऊन ये. रात्रीची गाडी पकडली तर सकाळी पोहोचता. फ्रिजचे सोन्याचा मुलामा दिलेले थर एकाखाली एक टांगलेले त्यांना बघू दे, आणि तिथे उभ्या असलेल्या कुठल्याही विद्यार्थिनीला त्यांना हवे ते प्रश्न विचारू दे. तेवढ्या वेळात तू त्या लॅबच्या तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला गाठ आणि यंत्राचा प्रश्न विचार.